पहिला डीएसएलआर: आधी गंगेवर, मग दुकानात

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत नोकरीला लागलेल्या माझ्या भाचीने पहिल्या तीन पगारांतून पैसे बाजूला काढले आणि एका रविवारी विचारलं, "मामा, निकॉन घेऊ की कॅनन?" मी म्हटलं, आधी मोबाइल घेऊन माझ्याबरोबर चल, दुकानाचं नंतर बघू. त्यानंतर आम्ही दोघांनी जे केलं, ते इथे त्याच क्रमाने मांडतोय. गोदाघाटावर (गोदेला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो) आणि नांदूरमधमेश्वरला कॅमेरा घेऊन हिंडण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि नवीन माणसाचे पैसे कुठे वाया जातात ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. बहुतेकजण बॉडीपासून, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यापासून, सुरुवात करतात. सुरुवात विषयापासून करायची, मग लेन्स ठरवायची आणि बॉडीकडे सगळ्यात शेवटी यायचं.

पायरी १: मोबाइल कुठे हरतो ते लिहून काढा

एक आठवडा फक्त मोबाइलवर फोटो काढा. जो फोटो मनासारखा आला नाही, तो का आला नाही ते वहीत लिहा. उन्हातलं निसर्गदृश्य, मिसळीचं ताट, मित्रांचा घोळका हे सगळं आजचे मोबाइल इतकं छान टिपतात की तेवढ्यासाठी डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घेऊ नये. मोबाइल हरतो तो मुख्यतः तीन गोष्टींपुढे: अंतर, अंधार आणि वेग.

भाचीला मी आधी नांदूरमधमेश्वरला नेलं. शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर, गोदावरी आणि कादवेच्या पाण्यावर वसलेलं हे पाणथळ म्हणजे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीतलं. मनोऱ्यावरून दुर्बिणीत चित्रबलाक स्पष्ट दिसत होते, मोबाइलमध्ये मात्र नुसते पांढरे ठिपके आले. हे झालं अंतर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रामकुंडावर आरती. आरतीची ज्योत पांढरीफटक, पुजाऱ्याचा चेहरा काळवंडलेला आणि फिरणारा हात पुसट. हा अंधार. मग भर दुपारी गांधी तलावात सूर मारणारी पोरं. बटण दाबेपर्यंत पोरगं पाण्याखाली गेलेलं आणि फोटोत फक्त शिंतोडे. हा वेग.

आठवड्यानंतर तिच्या वहीत अकरा नोंदी होत्या आणि त्यातल्या आठ अंधाराच्या. तिला वाटत होतं की तिला पक्ष्यांसाठी कॅमेरा हवाय. वही वेगळं सांगत होती. पूजा, सराफ बाजारातली संध्याकाळ, आजीच्या स्वयंपाकघरातला पिवळा दिवा, तिचे फोटो तिथे होते.

पायरी २: त्या नोंदींवरून लेन्स ठरवा

सुरुवातीच्या कॅमेऱ्याबरोबर जी लेन्स येते ती बहुतेक १८-५५ एमएम झूम असते. एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. या लेन्सला सगळे किट लेन्स म्हणतात. तिच्यावर एफ/३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. हा एफचा आकडा म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं त्याचं माप. आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं आणि प्रकाश जास्त. ५५ एमएमवर किट लेन्स फार तर एफ/५.६ पर्यंत उघडते. त्याच जागी एफ/१.८ ची लेन्स लावली तर जवळपास दहापट प्रकाश आत येतो. आरतीच्या वेळी जिथे किट लेन्सला १/१५ सेकंद लागतो आणि हात हलतो, तिथे एफ/१.८ वर १/१२५ सेकंदाच्या वर सहज जाता येतं. पुसट आणि रेखीव फोटोतला सगळा फरक या एका हिशेबात आहे.

म्हणून वहीत अंधार जास्त असेल तर न झूम होणारी, म्हणजे प्राइम, लेन्स घ्या. कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम ही जेमतेम १६० ग्रॅमची लेन्स आहे आणि दर्जाच्या मानाने इतकी स्वस्त दुसरी लेन्स मला माहीत नाही. एक मात्र लक्षात ठेवा. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे आतली चित्र टिपणारी पट्टी, जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो, निकॉनमध्ये दीडपटीने आणि कॅननमध्ये १.६ पटीने. त्यामुळे ५० एमएमची लेन्स ७५ ते ८० एमएमसारखी वागते. चेहरा टिपायला हे उत्तम, पण जुन्या नाशकातल्या वाड्याच्या माजघरात बसलेलं सगळं कुटुंब चौकटीत मावणार नाही, पाठ भिंतीला टेकेल. घरातले फोटो जास्त काढणाऱ्याने निकॉनची ३५ एमएम एफ/१.८ जी डीएक्स बघावी.

अंतर जास्त असेल तर कॅननची ५५-२५० एमएम एसटीएम किंवा निकॉनची एएफ-पी ७०-३०० एमएम, आणि तीसुद्धा हात स्थिर करणारी. निकॉनमध्ये त्यासाठी व्हीआर आणि कॅननमध्ये आयएस ही अक्षरं लेन्सवर असतात. निकॉनची ७०-३०० व्हीआरशिवायही मिळते, ती घेऊ नका. पक्ष्यांच्या बाबतीत एक स्पष्ट सांगतो. ३०० एमएम ही सुरुवात आहे. नांदूरमधमेश्वरचे लांबचे थवे त्यातही लहानच दिसतात. पण काठाजवळची जांभळी पाणकोंबडी, तारेवरचा खंड्या, उडणारा बगळा हे सगळं मिळतं, आणि उडता पक्षी १/१००० सेकंदाला कसा पकडायचा हे शिकायला ती लेन्स पुरेशी आहे.

वेगासाठी वेगळी लेन्स नसते. तिथे डीएसएलआरचा स्वभावच कामाला येतो. आतला आरसा लेन्समधून येणारा प्रकाश थेट तुमच्या डोळ्यापर्यंत पोचवतो. पडद्यावर चित्र उमटायची वाट बघावी लागत नाही, दिसलं की बटण दाबलं. शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, १/५०० सेकंदावर ठेवा, सूर मारणारं पोरगं हवेत थांबेल.

आणखी एक गरज आपल्या गावाची म्हणून सांगतो. २०२७ च्या सिंहस्थाचे फोटो मनात ठेवून कॅमेरा घेत असाल, तर त्या गर्दीत आणि धुळीत लेन्स बदलायला उसंत मिळणार नाही. तेव्हा किट लेन्सऐवजी १८-१३५ किंवा १८-१४० एमएमसारखी एकच लांब पल्ल्याची झूम बरी.

पायरी ३: पैशाची वाटणी

आकडा ठरवा आणि त्यातला किमान तिसरा हिस्सा बॉडीच्या बाहेर ठेवा. त्यात दुसरी लेन्स, दोन मेमरी कार्डं, एक जादा बॅटरी आणि हवाबंद डबा बसला पाहिजे. सगळे पैसे बॉडीत घालून वर्षभर किट लेन्सवर अडून बसलेले लोक मी पाहिलेत. उलट पाच-सात वर्षं जुनी बॉडी आणि चांगली प्राइम घेतलेला माणूस पहिल्याच महिन्यात भिंतीवर लावावा असा फोटो काढतो.

मेगापिक्सेलसाठी जास्त पैसे मोजू नका. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो. इंचाला ३०० ठिपके धरले तर २० इंच रुंद छापता येतो. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ चं पान १८ मेगापिक्सेलच्या जुन्या कॅमेऱ्यातूनही सुरेख निघतं.

पायरी ४: माउंट समजून घ्या

बॉडीच्या ज्या गोल तोंडावर लेन्स बसते ते माउंट. एकदा एका कंपनीचं माउंट घेतलं की पुढच्या सगळ्या लेन्स त्याच घरातल्या. म्हणून ही पायरी घाईत ओलांडू नका. इथे माझे स्वतःचे पैसे गेले आहेत.

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत, म्हणजे डी३३००, डी३५००, डी५६०० वगैरेंमध्ये, फोकसची मोटर नसते. मोटर लेन्समध्ये असावी लागते. मी सुरुवातीला अशाच बॉडीसाठी ५० एमएम एफ/१.८ डी ही जुनी लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. ती बसली, फोटोही निघाले, पण फोकस प्रत्येक वेळी हाताने फिरवायचा. रंगपंचमीच्या रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, उडी घेणारा माणूस हाताने फोकस करून मिळत नाही. तो दिवस असाच गेला. तेव्हा या बॉडींसाठी लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी अशी अक्षरं आहेत का ते वाचा. त्यातही एएफ-पी लेन्स डी३१००, डी३२००, डी५१०० या जुन्या बॉडींवर फोकस करत नाहीत. डी७००० मालिकेत मोटर बॉडीतच असते, तिथे जुन्या डी लेन्सही चालतात.

कॅननचं गणित सोपं आहे. लहान सेन्सरच्या डीएसएलआरवर ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही लेन्स बसतात आणि फोकसही करतात. पुढे मोठ्या सेन्सरच्या बॉडीकडे गेलात तर ईएफ-एस मात्र तिथे बसणार नाहीत. कॅननमध्ये काळजी घ्यायची ती वेगळ्या दोन गोष्टींची. ३०००डी मध्ये माउंट प्लॅस्टिकचं आहे. आणि १५००डी, ३०००डी, २००डी मार्क २ यांच्या वरच्या फ्लॅशच्या खाचेत मधली पिन नाही, त्यामुळे बाजारात मिळणारे बरेचसे साधे फ्लॅश आणि ट्रिगर त्यांवर पेटत नाहीत. पुढे लग्नाची कामं घ्यायचा विचार असेल तर हे आत्ताच लक्षात घ्या.

"पण आता मिररलेसचा जमाना आहे ना?" म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचा, हा प्रश्न भाचीनेही विचारला. खरं आहे, मोठ्या कंपन्यांनी आपली ताकद तिकडे वळवली आहे. निकॉन आणि कॅननकडून नव्या डीएसएलआरची वाट बघू नये. पण शिकणाऱ्यासाठी यातच संधी आहे. लोक मिररलेसकडे वळताना आपल्या चांगल्या बॉडी आणि लेन्स विकायला काढतात. आज घेतलेली ईएफ किंवा एएफ-एस लेन्स उद्या त्याच कंपनीच्या मिररलेसवर अ‍ॅडाप्टर लावून फोकससह चालते. पैसे अडकून पडत नाहीत. मात्र तुमचं मुख्य काम व्हिडिओचं असेल तर मी डीएसएलआर घ्या म्हणणार नाही.

पायरी ५: हातात धरून बघा

ऑनलाइन स्वस्त मिळत असला तरी आधी दुकानात जाऊन हातात घ्या. करंगळीला जागा मिळते का? अंगठ्याला चाक न शोधता सापडतं का? जवळची लेन्स लावून दोन मिनिटं डोळ्याला लावून उभे राहा. दुकानात दोन मिनिटांत मनगट दुखलं तर पांडवलेणीच्या पायऱ्या चढून गेल्यावर तो कॅमेरा पिशवीतून बाहेरच येणार नाही.

चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, तिच्याशेजारचं लहान चाक फिरवा. ते डायॉप्टरचं असतं, त्याने आतलं चित्र तुमच्या नंबराप्रमाणे स्पष्ट करता येतं. कॅनन ३०००डी मध्ये ते चाक नाही. मी चष्मेवाला आहे, माझ्यासाठी तेवढंच कारण पुरेसं ठरलं असतं. स्वस्त बॉडींचा व्ह्यूफाइंडर चौकटीचा साधारण ९५ टक्के भाग दाखवतो, डी७२०० सारख्या बॉडींचा पूर्ण १००. कळसाच्या बाजूला न दिसलेली विजेची तार फोटोत उगवते ती या फरकामुळे.

चाकं मोजा. डी३५०० किंवा १५००डी ला एकच चाक असतं, शटर आणि अ‍ॅपर्चर (तोच एफचा आकडा) दोन्ही त्यावरच, एक बटण दाबून धरावं लागतं. डी७००० मालिका किंवा कॅनन ८०डी ला दोन चाकं. हळू काम करणाऱ्याला एक चाक चालतं.

पायरी ६: सेकंडहँड घेताना

आम्ही शेवटी सेकंडहँडच घेतला. नवीन माणसाने जुना कॅमेरा घेऊ नये असं म्हणतात, ते मला पटत नाही. तपासणी नीट आली की पुरे. स्वतःचं कार्ड आणि टॉर्च घेऊन जा, आणि दिवसा उजेडी जा.

आधी लेन्स. दोन्ही बाजूंची झाकणं काढा, मागून टॉर्च तिरका मारा आणि पुढून आत बघा. धुळीचे दोन-चार कण असतील तर सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट धागे दिसले तर ती बुरशी, फंगस. कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका. झूम रिंग फिरवताना कुठे अडकते किंवा खरखरते का ते बघा.

मग सेन्सर. अ‍ॅपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२ वर नेऊन मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. करडे गोल डाग म्हणजे धूळ, ती साफ होते. ओरखडा मात्र जात नाही. मग लेन्सचं झाकण लावून, फोकस मॅन्युअलवर ठेवून एक काळा फोटो काढा. त्यात लाल-निळे चमकणारे ठिपके खूप असतील तर नको म्हणा.

शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले ते, विचारा, आणि नुसत्या शब्दावर विश्वास ठेवू नका. निकॉनमध्ये तो आकडा प्रत्येक फोटोच्या माहितीत साठवलेला असतो, एक ताजा फोटो घेऊन घरी तपासता येतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलमध्ये केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. सुरुवातीच्या गटातल्या बॉडीचं शटर साधारण एक लाख क्लिक धरून चाला. लग्नाच्या कामात वापरलेली बॉडी एका दिवसात दोन-तीन हजार क्लिक सहज करते, तेव्हा बाहेरून चकचकीत दिसणारी बॉडी आतून दमलेली असू शकते.

बॅटरी फुगली आहे का, कार्डाच्या खाचेत पिना सरळ आहेत का, प्रत्येक बटण दाबतं का, हे बघा. मूळ बिल मागा आणि त्यावरचा सीरियल नंबर बॉडीच्या तळाशी असलेल्या नंबराशी ताडून बघा. बिल नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. तो कॅमेरा कुणाच्या तरी घरातून गेलेला असू शकतो.

पायरी ७: नवा घेत असाल तर

जीएसटीचं पक्कं बिल आणि कंपनीचं भारतातलं वॉरंटी कार्ड, दोन्ही हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. फारच स्वस्तात मिळणारा नवा कॅमेरा अनेकदा बाहेरून आणलेला, ग्रे मालाचा असतो आणि त्याला इथे वॉरंटी मिळत नाही. सोबत फुकट मिळणारी बॅग आणि तिपाई यांवर भाळू नका. कार्ड नावाजलेल्या कंपनीचं, ३२ जीबीची दोन. एका ६४ पेक्षा दोन ३२ बरी, एक दगा देईल तेव्हा दुसरं हाताशी असतं.

पायरी ८: पावसाळ्याआधी डबा

त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसात भटकणाऱ्याने हा भाग नीट वाचावा. मी एका पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. गणपतीत काढली तेव्हा आत बुरशीचे धागे धरले होते. ती लेन्स मी खूप जपून पैसे साठवून घेतली होती, आजही वाईट वाटतं.

बुरशीला ओल हवी. म्हणून झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाशी रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग उतरला की पुड्या गरम करून वाळवा. शक्य असेल तर आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर टाका, काटा ४० ते ५० टक्क्यांत असू द्या. कपड्यांच्या कपाटात डांबरगोळ्या किंवा कापूर असतो, तिथे कॅमेरा कधीही ठेवू नका. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरा, वापरातली लेन्स सहसा बुरशी धरत नाही.

पायरी ९: पहिला महिना

ऑटोवरून डायल हलवा आणि ए वर ठेवा, कॅननमध्ये एव्ही. अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवेल. आयएसओ, म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा, ऑटोवर राहू द्या.

पहिला धडा काळाराम मंदिराच्या बाहेर उभं राहून घ्या. कॅमेऱ्याला वाटतं की समोरचं दृश्य मध्यम करड्या उजेडाचं आहे. त्यामुळे मंदिराचा काळा दगड तो उजळून राखाडी करून टाकतो. प्लस-मायनसचं बटण दाबून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, उणे १ करा, दगड पुन्हा काळा होईल. मग सोमेश्वरच्या धबधब्यावर जा. तिथे उलटं, पांढरा फेस मळकट येतो, अधिक १ करा. या दोन फोटोंतून एक्स्पोजर जितकं कळतं तितकं मला पुस्तकातून कळलं नव्हतं.

घाटावर एक नियम पाळा. स्नान करणाऱ्या बायकांकडे लेन्स वळवायची नाही, आणि दशक्रियेला बसलेल्या माणसाचा फोटो काढायचा नाही. त्याचं दुःख त्याचं आहे. बाकी कुणाचा चेहरा जवळून टिपायचा तर आधी विचारा, नाशिककर सहसा नाही म्हणत नाहीत. मंदिराच्या गाभाऱ्याजवळ कॅमेरा बंद ठेवा.

मग रोजचा एक फोटो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते दिवसेंदिवस थोडं थोडं टिपलं आणि पडद्यावर काही क्षणांत उगवताना दाखवलं. तीच रीत धरा. भाचीने गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती निवडला. महिनाभर, कामावर जाण्याआधी, त्याच पायरीवरून, तीच लेन्स. धुकं, ऊन, बुधवारच्या बाजाराची लगबग, धरणातून सोडलेलं पाणी मारुतीच्या पायाशी, सगळं तिच्या त्या तीस फोटोंत आलं. दहाव्या दिवसानंतर ती डायलकडे बघायची थांबली होती.

यापुढे आणखी एखादी लेन्स घ्यायची झाली तर सहा महिने थांबा. मग संगणकावर सगळे फोटो उघडा आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंग्थ, म्हणजे एमएमचा आकडा, बघा. बहुतेक फोटो ५५ एमएमवर अडकलेले दिसले तर लांबची लेन्स हवी आहे. १८ वर दिसले तर रुंद. आणि आयएसओ सतत ३२०० च्या वर असेल, तर भाचीप्रमाणे तुम्हालाही एफ/१.८ लागणार आहे.